प्रक्रिया केलेलं सांडपाणी परत वापरायचंय, मग पर्यावरणाचा धोका कसा मोजायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जे लोक शेतीला, बागेला, झाडांना, तळी भरायला किंवा भूजल पुनर्भरणाला ट्रीटेड पाणी वापरायचा विचार करतायत किंवा आधीपासून वापरतायत त्यांच्यासाठी आहे. माणसाच्या आरोग्याबद्दल बरंच लिहिलेलं सापडतं, पण माती, भूजल आणि नदी-तळ्यांचं काय होतं हा भाग नेहमी मागे पडतो, म्हणून इथे जोर त्याच्यावर आहे.

पाणी ट्रीट झालंय, लॅबचा रिपोर्ट पास आहे, मग अजून धोका कसला मोजायचा?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. रिपोर्टमध्ये साधारणपणे काय असतं? बीओडी आणि सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल त्याची मापं), तरंगणारे घन पदार्थ, पीएच, कधी कोलिफॉर्म (विष्ठेची खूण दाखवणारे जिवाणू). या मर्यादा मुख्यतः पाणी नदीत सोडलं तर नदीतला ऑक्सिजन संपू नये म्हणून ठरवलेल्या आहेत. आता तेच पाणी तुम्ही नदीत न सोडता जमिनीवर टाकणार आहात, दरवर्षी, त्याच जागेवर. जमिनीला बीओडीचं फारसं काही वाटत नाही, मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. जमिनीला त्रास होतो तो सोडियमचा, क्षारांचा, बोरॉनचा, आणि हे तिन्ही नेहमीच्या जैविक प्रक्रियेत निघतच नाहीत, जसे आत येतात तसे बाहेर पडतात. उलट घरगुती वापरातून पाण्यात दर लिटरला साधारण २००-३०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार वाढतात. म्हणजे पास झालेला रिपोर्ट खरा असतो, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. तुमचा प्रश्न आहे की हे पाणी या जागी इतकी वर्षं टाकलं तर काय होईल, आणि त्याचं उत्तर पाण्याच्या एका बाटलीत मिळत नाही.

हॅझर्ड आणि रिस्क एकच ना?

नाही. पाण्यात बोरॉन आहे हा झाला हॅझर्ड. ते बोरॉन मुळांपर्यंत पोचणार, तिथे साठणार, आणि तिथलं झाड त्याला नाजूक आहे, हे सगळं जुळलं की झाली रिस्क. तीन गोष्टी शोधायच्या: स्रोत, वाट आणि ज्याला झळ बसणार तो. यातली एक जरी तुटली तरी धोका नाही. म्हणूनच तेच पाणी एका शेतात चालतं आणि शेजारच्या शेतात नाही चालत, कारण शेजारी खाली चिकणमाती आहे किंवा पाण्याची पातळी दोन मीटरवर आहे.

सुरुवात कुठून करायची?

नकाशापासून. खरंच, आधी टेस्टच्या याद्या करत बसू नका. एका कागदावर पाणी कुठून येतं (नुसती घरं, की मध्ये दवाखाने, कारखाने, धुलाई, प्लेटिंगची कामं पण आहेत), प्रक्रिया कुठली, साठवण किती दिवसांची, पाइप कुठून जातो, कुठे वापरलं जातं, जास्तीचं पाणी कुठे उतरतं, आसपास विहिरी-बोअर कुठे, ओढा किती लांब, पाणथळ जागा आहे का, हे सगळं काढा. त्यावर मातीचा प्रकार आणि भूजलाची खोली लिहा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात भूजल कुठे असतं हे दोन्ही लिहा, एकच आकडा लिहून चालत नाही.

मग बेसलाइन, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीची नोंद. हा शब्द सगळे वापरतात पण प्रत्यक्षात करणारे फार कमी. स्कीम चालू करायच्या आधी मातीचे नमुने घ्यायचे, नुसते वरच्या थराचे नाही, तर ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटिमीटर असे खोलीप्रमाणे. भूजलाचे नमुने घ्यायचे, निदान एक वर्ष, म्हणजे सगळे ऋतू येतात. जवळचा ओढा असेल तर त्यात कुठले किडे, मासे, वनस्पती आहेत ते बघायचं. हे आधी केलं नाही तर पाच वर्षांनी विहिरीत नायट्रेट दिसलं की ते या पाण्याचं की आधीपासूनच्या खतांचं हे कोणीच सांगू शकत नाही, आणि मग नुसती भांडणं होतात.

आणि एकट्याने करू नका. प्लॅन्ट चालवणारा, मातीचं कळणारा, भूजलाचं कळणारा, पाणी वापरणारे शेतकरी किंवा माळी आणि खालच्या अंगाला राहणारे लोक, हे सगळे एका टेबलावर हवेत. पाणी वापरणाऱ्याला कळलेल्या गोष्टी कित्येकदा लॅबच्या आधी कळलेल्या असतात, "हल्ली पाणी मुरत नाही, वर साचून राहतं" हे वाक्य सोडियमच्या रिपोर्टइतकंच महत्त्वाचं आहे.

नेमके कुठले घटक बघायचे? यादी संपतच नाही!

ऑस्ट्रेलियाची २००६ ची पुनर्वापराची मार्गदर्शक तत्त्वं इथे फार उपयोगी पडतात, त्यांनी पर्यावरणासाठी नऊ मुख्य हॅझर्ड वेगळे काढलेत: बोरॉन, कॅडमियम, क्लोरीनचे अवशेष, पाण्याचा स्वतःचाच भार, नायट्रोजन, फॉस्फरस, क्षारता, क्लोराइड आणि सोडियम. घरगुती सांडपाण्याला ही यादी सुरुवातीला पुरते. स्रोतात उद्योग असले तर त्या उद्योगांप्रमाणे भर घालायची.

यातलं "पाण्याचा स्वतःचाच भार" वाचून बरेच जण थबकतात. पाणी जास्त झालं हाच धोका. प्लॅन्ट रोज तेवढंच पाणी देतो, पिकाला मात्र रोज तेवढं नको असतं, पावसाळ्यात तर अजिबात नको असतं. मग साठवण कमी पडली की पाणी "कुठेतरी" सोडलं जातं, जमीन चिबडते, भूजल वर येतं, त्याच्यासोबत खालचे क्षारही वर येतात. पाण्याचा महिन्यावार हिशोब जुळत नसेल तर बाकीचं मूल्यमापन करून काही उपयोग नाही.

दर लिटरला आकडे तर छोटे दिसतात, मग काळजी कशाला?

कारण जमीन लिटर मोजत नाही, एकूण किती आलं ते मोजते. हे एक गणित प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून बघावं असं मला फार मनापासून वाटतं.

समजा वर्षाला ५०० मिलिमीटर पाणी देताय, म्हणजे हेक्टरी ५,००० घनमीटर. पाण्याची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, १.५ डेसिसिमेन्स प्रति मीटर आहे. याला ढोबळमानाने ६४० ने गुणलं की दर लिटरला ९६० मिलिग्रॅम क्षार येतात. गुणाकार करा: हेक्टरी वर्षाला ४.८ टन क्षार. टन! पाणी वाफ होऊन जातं, क्षार तिथेच राहतात. दहा वर्षांत ४८ टन, आणि ते कुठेतरी असणारच, एकतर मुळांजवळ नाहीतर खाली भूजलात, तिसरी जागा फारशी नाही.

तसंच नायट्रोजन दर लिटरला २० मिलिग्रॅम असेल तर हेक्टरी १०० किलो, फॉस्फरस ५ मिलिग्रॅम असेल तर २५ किलो. म्हणून मूल्यमापनात प्रत्येक घटकाच्या पुढे दोन रकाने हवेत, एक दर लिटरला किती आणि दुसरा हेक्टरी वर्षाला किती किलो. दुसरा रकाना नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे.

क्षार आणि सोडियम, यात फरक काय? दोन्ही मीठच ना?

फरक आहे आणि तो समजला नाही तर उपायच चुकतो. एकूण क्षार जास्त झाले की झाडाला पाणी ओढायला जड जातं, माती ओली असून झाड कोमेजतं. ती खारवट जमीन. यात पिकापिकाचा फरक खूप असतो, घेवडा मातीच्या अर्काची (भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी साधारण १.० डेसिसिमेन्स झाली की मार खायला लागतो, मका १.७ च्या आसपास, कापूस आणि बार्ली मात्र ७.७ ते ८ पर्यंत तग धरतात.

सोडियमचं वेगळं आहे. तो झाडापेक्षा मातीलाच मारतो. चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम बांधून ठेवतं, सोडियमने ती जागा घेतली की कण सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात, वर पपडी धरते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. ती चोपण जमीन. हे मोजायला एसएआर बघतात, म्हणजे सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी प्रमाण.

आता इथे एक गोम आहे. सोडियमचा त्रास पाणी खारं असताना कमी दिसतो आणि गोडं असताना जास्त दिसतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेचे जुने, अजूनही सगळीकडे वापरले जाणारे तक्ते बघितले तर एसएआर ६ ते १२ असताना ईसी १.९ च्या वर असेल तर पाणी मुरायला अडचण नाही असं लिहिलंय आणि तोच एसएआर असताना ईसी ०.५ च्या खाली गेली तर तीव्र अडचण. म्हणजे उन्हाळाभर ट्रीटेड पाणी दिलं, काही झालं नाही, सगळे खूष, आणि पहिला मोठा पाऊस पडला की ते शुद्ध पाणी वरचे क्षार धुऊन नेतं, सोडियम मात्र मातीला चिकटलेला राहतो आणि जमीन बंद होते. म्हणून एसएआर आणि ईसी वेगवेगळे बघायचे नाहीत, जोडीने बघायचे, आणि पावसाळ्यानंतर मुरण्याचा वेग मोजायचाच. इस्रायलमध्ये तर सांडपाण्याचा पुनर्वापर जगात सगळ्यात जास्त प्रमाणात होतो, तिथेही चिकणमातीतल्या फळबागांमध्ये वर्षानुवर्षं हे पाणी दिल्यावर मातीची पाणी वाहून न्यायची ताकद घटल्याचं दिसलंय.

मग जास्त पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढले तर?

तेच करतात, त्याला निचऱ्याचा वाटा म्हणतात आणि त्याचं साधं सूत्र आहे: पाण्याची ईसी भागिले (मातीच्या सहन होणाऱ्या ईसीची पाचपट वजा पाण्याची ईसी). वरच्या १.५ च्या पाण्याला आणि मक्याच्या १.७ ला हे लावलं तर १.५ भागिले ७, म्हणजे दिलेल्या पाण्यापैकी साधारण २१ टक्के पाणी मुळांच्या खाली निचरून जायला हवं. पण ते २१ टक्के पाणी सगळे क्षार आणि नायट्रेट घेऊन खाली जाणार. माती वाचली, भूजलाचं काय? खाली निचऱ्याच्या नळ्या आहेत का, त्यांचं पाणी कुठे सोडणार? एका जागेचा धोका उचलून दुसऱ्या जागी ठेवणं हा उपाय नाही, त्यामुळे उपाय लिहिला की त्या उपायाचाही धोका तिथेच लिहायचा अशी सवय ठेवा.

बोरॉनचं एवढं काय?

बोरॉन झाडाला लागतंही आणि थोडं जास्त झालं की विषही होतं, मधली पट्टी फार अरुंद. दर लिटरला ०.७ मिलिग्रॅमपर्यंत बहुतेक पिकांना चालतं, ३ च्या वर गंभीर. लिंबूवर्गीय झाडं फार नाजूक. हे येतं मुख्यतः धुण्याच्या पावडरींमधून, आणि प्लॅन्टमध्ये काढणं महाग, म्हणून इस्रायलने १९९९ मध्ये पावडरींमधल्या बोरॉनवरच मर्यादा आणली आणि सांडपाण्यातलं प्रमाण उतरलं. काही धोके प्लॅन्टमध्ये नाही, दुकानातल्या डब्यापाशीच संपवायचे असतात.

नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे फुकटचं खत, हा तर फायदाच की!

फायदा आहेच, पण हिशोबात धरला तर. वर बघितलं तसं हेक्टरी १०० किलो नायट्रोजन पाण्यातून येतोय आणि वर तुम्ही नेहमीचं खतही टाकताय, तर पिकाला लागत नाही तो नायट्रोजन नायट्रेट होऊन खाली उतरतो. दर लिटरला २० मिलिग्रॅम नायट्रोजनचं सगळं नायट्रेट झालं तर ते नायट्रेटच्या रूपात जवळपास ८९ मिलिग्रॅम होतं आणि पिण्याच्या पाण्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. शिवाय खत आपण वेळ बघून देतो, पाण्यातला नायट्रोजन पाण्यासोबत येतच राहतो, पीक काढणीला आलेलं असतानाही येतो.

फॉस्फरस मातीला चिकटून राहतो म्हणून लोक त्याला विसरतात. बरीच वर्षं गेल्यावर मातीची धरून ठेवायची जागा भरते, मग तो वाहत्या मातीबरोबर आणि पाण्याबरोबर तळ्यात जातो, आणि तळ्याला शेवाळ यायला फॉस्फरस अगदी थोडा पुरतो, लिटरमागे मिलिग्रॅमचा काही शतांश भाग. काही मूळच्या वनस्पतींना तर फॉस्फरस सोसतच नाही, ऑस्ट्रेलियातल्या बँक्सियासारख्या झाडांना तो विषासारखा लागतो. म्हणून "बागेलाच तर टाकतोय" म्हणताना बागेत काय लावलंय ते बघा.

भूजलाचा धोका कसा तपासायचा?

वरून खाली तीन गोष्टी बघायच्या: मातीतून किती वेगाने पाणी उतरतं, भूजल किती खोल आहे, आणि मध्ये काय आहे. वाळू, भेगाळलेला खडक, चुनखडीतल्या पोकळ्या असतील तर पाणी गाळलंच जात नाही, थेट जातं. निदान तीन निरीक्षण विहिरी हव्यात, एक भूजलाच्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि दोन खालच्या अंगाला. वरची नसेल तर तुलना कशाशी करणार? नायट्रेट, क्लोराइड, ईसी हे तीन नियमित बघा. क्लोराइड फार कामाचं, कारण ते मातीत अडकत नाही की संपत नाही, त्यामुळे तुमचं पाणी भूजलात पोचलं की नाही याची पहिली वर्दी बहुधा तेच देतं.

पुनर्भरणासाठी मुद्दाम जमिनीत पाणी घालत असाल तर मामला वेगळा आणि जास्त कडक आहे. अतिशुद्ध केलेलं पाणीसुद्धा जमिनीतल्या खनिजांमधून आर्सेनिकसारख्या गोष्टी सोडवू शकतं, कारण खाली ऑक्सिजनचं आणि क्षारांचं गणित बदलतं. तिथे खडकाचा अभ्यास आधी, पाणी नंतर.

तळं किंवा ओढा जिवंत ठेवायला हे पाणी सोडायचंय. मासे तर दिसतात, म्हणजे ठीक ना?

मासे दिसणं हा पुरावा नाही, कुठले मासे, पिल्लं आहेत का, पाण्यातले किडे कुठले आहेत हे बघावं लागतं. पाण्यातल्या जीवांसाठी तीन गोष्टी लगेच मारणाऱ्या आहेत. पहिलं क्लोरीन: निर्जंतुकीकरणाला जे आपल्याला चांगलं तेच माशांना घातक, अमेरिकेच्या निकषांत गोड्या पाण्यासाठी दीर्घकाळची मर्यादा लिटरला ११ मायक्रोग्रॅम आहे, आणि प्लॅन्टमधून निघताना पाण्यात याच्या शेकडो पट क्लोरीन असू शकतं. म्हणून सोडायच्या आधी डीक्लोरिनेशन (क्लोरीन काढून टाकणं), नाहीतर निर्जंतुकीकरणच यूव्हीने (अतिनील किरणांनी).

दुसरं अमोनिया. एकूण अमोनिया तोच असला तरी त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो, २५ अंशाला पीएच ८ असताना साधारण ५ टक्के आणि पीएच ९ झाला की ३६ टक्के. शेवाळलेल्या तळ्यात दुपारी पीएच सहज चढतो. सकाळी सॅम्पल घेतलं, सगळं छान, दुपारी मासे मेले, याचं एक कारण हे असू शकतं, तेव्हा सॅम्पल दुपारीही घ्या. आणि तिसरं ऑक्सिजनची कमतरता: ऑक्सिजन मात्र पहाटे मोजा, तेव्हा तो सगळ्यात कमी असतो.

हळूहळू परिणाम करणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. कॅनडात ओंटारिओच्या वायव्येला मुद्दाम प्रयोगासाठी राखलेली तळी आहेत, तिथल्या एका तळ्यात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरला फक्त ५-६ नॅनोग्रॅम राहील असं सोडलं. नर माशांमध्ये अंड्यांचं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची तळ्यातली संख्या जवळजवळ संपली. मासे विषबाधेने उलटे पडले म्हणून नाही, पुढची पिढी झाली नाही म्हणून. मृत मासे मोजण्यावर विसंबून का राहायचं नाही ते यातून कळतं.

औषधं, पीएफएएस, मायक्रोप्लास्टिक... हे कसं मोजणार? हजारो रसायनं आहेत.

सगळी मोजायची नसतात, निवडायची असतात. जी प्रक्रियेतून निसटतात, मातीत टिकतात आणि पाण्यासोबत फिरतात ती आधी. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध याचं नेहमीचं उदाहरण, नेहमीच्या प्रक्रियेत ते फारसं निघत नाही, झाडात चढतं, आणि इस्रायलमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात अशा पाण्यावरची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीतसुद्धा ते सापडलं (प्रमाण फार कमी होतं, पण वाट पूर्ण आहे हे सिद्ध झालं). पीएफएएसचं (सहज न तुटणारी, फ्लोरिन असलेली औद्योगिक रसायनं) तर असं की काही वेळा प्लॅन्टमध्ये येताना कमी आणि बाहेर पडताना जास्त मोजले जातात, कारण त्यांची मूळ रसायनं आत तुटून तीच तयार होतात.

मोजायची पद्धत साधी आहे. पर्यावरणात अपेक्षित प्रमाण भागिले ज्याच्या खाली परिणाम होणार नाही असं प्रमाण. भागाकार १ पेक्षा जास्त आला तर काळजी. "परिणाम होणार नाही" हा आकडा शेवाळ, पाणपिसू आणि मासा यांच्या चाचण्यांतून काढतात आणि माहिती जितकी कमी तितका मोठा सुरक्षिततेचा भाजक लावतात, नुसत्या अल्पकाळच्या चाचण्या असतील तर १०००, तिन्ही पातळ्यांच्या दीर्घकाळच्या चाचण्या असतील तर १०.

उदाहरण म्हणून धरा की एका औषधाचा सुरक्षित आकडा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम निघाला आणि पाण्यात ते ०.६ आहे. ओढ्यात मिसळून ते दहापट पातळ होतं तेव्हा ०.०६, भागाकार ०.६, ठीक. उन्हाळ्यात तिप्पटच पातळ होतं, ०.२, भागाकार २. तेच औषध, तोच ओढा. वर्षाची सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं, म्हणून नेहमी सगळ्यात कोरड्या महिन्याचं गणित करा.

आणि रसायनं एकेकटी येत नाहीत, मिश्रण येतं. त्यासाठी थेट पाण्यावरच जैवचाचणी करता येते, पाणपिसू ४८ तास, शेवाळ ७२ तास, मासा ९६ तास. नाव-गाव न कळता का होईना, एकूण परिणाम कळतो.

जड धातू?

घरगुती पाण्यात बहुतेक धातू गाळात जाऊन बसतात, त्यामुळे पाण्यापेक्षा गाळाचा विचार जास्त करा. पाण्यासाठी गणित असं: कॅडमियम लिटरला ०.००२ मिलिग्रॅम, ५,००० घनमीटर, म्हणजे हेक्टरी वर्षाला १० ग्रॅम. वरच्या २० सेंटिमीटर मातीचं वजन धरा हेक्टरी २,६०० टन. किलोमागे वर्षाला ०.००४ मिलिग्रॅमच्या आसपास, पन्नास वर्षांत ०.२. घाई नाही, पण शून्यही नाही, आणि माती आम्ल असेल किंवा क्लोराइड जास्त असेल तर कॅडमियम झाडात जास्त चढतं. चारा पिकवत असाल तर मॉलिब्डेनम बघा, झाडाला काही होत नाही, जनावरांना होतं.

जंतू हा तर आरोग्याचा विषय, पर्यावरणात कशाला?

कारण रानातले प्राणी, पक्षी, बेडूक हेच पाणी पितात, आणि अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू व त्यांची जनुकं माती-ओढ्यात पसरण्याची ही एक वाट आहे. आणखी एक लक्षात असू द्या, ई. कोलाय (विष्ठेची खूण म्हणून तपासतात तो जिवाणू) नाही सापडला म्हणजे सगळं मेलं असं नाही, क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही आणि जंतांची अंडीही गाळून किंवा तळाशी बसवून काढावी लागतात.

पुनर्वापर केला नाही तर धोका नाही, असं धरायचं का?

अजिबात नाही, आणि मूल्यमापनात "काहीच केलं नाही तर" हा पर्याय लिहिलाच पाहिजे. ते पाणी नाहीतर नदीत गेलं असतं, आणि शेतीसाठी तेवढंच पाणी भूजलातून उपसलं असतं. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, काही नद्या कोरड्या दिवसांत ट्रीटेड पाण्यावरच वाहतात, कॅलिफोर्नियातल्या सांता आना नदीचा कोरड्या दिवसांतला प्रवाह मुख्यतः असाच आहे. तिथलं सगळं पाणी उचललं तर खालचे मासे आणि काठची झाडी जाते. मेलबर्नजवळ वेरिबीला १८९७ पासून सांडपाण्यावर प्रक्रिया चालते, तिथली तळी आज पाणपक्ष्यांसाठी इतकी महत्त्वाची आहेत की ती रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या) पाणथळ क्षेत्राचा भाग आहेत. म्हणून पाणी वळवण्याआधी ते आज कोणाला जगवतंय हे विचारा.

पाच गुणिले पाचचा मॅट्रिक्स भरला की झालं का?

मॅट्रिक्स उपयोगी आहे, शक्यता एका बाजूला, परिणाम दुसऱ्या बाजूला. पण त्यात तीन ठिकाणी लोक फसतात. एक, उपाय धरून आणि उपाय न धरता असे दोन वेगवेगळे तक्ते करायचे असतात, म्हणजे कुठला उपाय बंद पडला तर किती महागात पडेल ते दिसतं. दोन, परिणाम परत फिरवता येतो का हे लिहायचं, ओढ्यात एकदा क्लोरीन गेलं तर काही महिन्यांत जीव परत येऊ शकतात, भूजल खारं झालं तर कित्येक दशकं जातात, मॅट्रिक्समध्ये मात्र दोघांना "मध्यम" मिळू शकतं. तीन, प्रत्येक आकड्याच्या पुढे तो मोजलेला आहे की अंदाजाचा आहे ते लिहा. अंदाजाचे सगळे आकडे हिरव्या रकान्यात पडले असतील तर थांबा आणि परत बघा.

नियम कुठले बघायचे?

आधी आपापल्या देशाचे. पद्धत समजून घ्यायला युरोपियन युनियनचा २०२०/७४१ हा नियम चांगला आहे, २६ जून २०२३ पासून लागू झाला, शेतीच्या सिंचनापुरता आहे, सगळ्यात वरच्या वर्गाला १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय १० पर्यंत आणि बीओडी १० मिलिग्रॅमपर्यंत, आणि महत्त्वाचं म्हणजे नुसते आकडे न देता धोका व्यवस्थापनाचा आराखडा सक्तीचा केलाय. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची तत्त्वं मुख्यतः आरोग्यासाठी, सिंचनाच्या तांत्रिक बाजूसाठी आयएसओ १६०७५.

किती वेळा तपासायचं?

प्लॅन्टमधून निघणाऱ्या पाण्याची गढूळता, क्लोरीन किंवा यूव्ही आणि ईसी ऑनलाइन, सतत, आणि आकडा बिघडला की पाणी आपोआप वळलं पाहिजे, फक्त अलार्म वाजून उपयोग नाही. एसएआर, बोरॉन, नायट्रोजन, फॉस्फरस महिन्याला. माती वर्षातून एकदा, दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी. भूजल तीन महिन्यांनी. स्रोतात नवा कारखाना आला, पीक बदललं, प्रक्रिया बदलली, की पूर्ण मूल्यमापन परत.

आमची स्कीम छोटी आहे, एवढा खर्च परवडत नाही.

मग ईसी मीटर घ्या, हातातला, आणि दर आठवड्याला वहीत लिहा. पाणी मुरायला किती वेळ लागतो ते एक लोखंडी कडं जमिनीत ठोकून वर्षातून दोनदा मोजा. एसएआर आणि बोरॉन वर्षातून एकदा लॅबकडून. एवढ्यावर छोट्या बागेच्या मातीचे बहुतेक धोके वेळेत कळतात. भूजल उथळ असेल किंवा शेजारी पिण्याची विहीर असेल तर मात्र छोटी स्कीम म्हणून सवलत नाही, तिथे नायट्रेट तपासायचंच.

पंधरा वर्षं पाणी वापरतोय, बेसलाइन नाही. आता काय?

शेजारची तशीच माती असलेली, हे पाणी कधी न मिळालेली जागा शोधा आणि दोन्हीकडचे खोलीप्रमाणे नमुने शेजारीशेजारी ठेवा. पूर्ण अचूक नाही, पण फरक दिसतो. प्लॅन्टचे जुने ईसीचे रेकॉर्ड असतील तर त्यावरून आजवर किती टन क्षार आले ते काढा आणि मातीत किती सापडतात ते बघा. जे सापडत नाहीत ते कुठे गेले, हा पुढचा प्रश्न, आणि त्यासाठी पहिला नमुना खालच्या अंगाच्या विहिरीचा घ्या.

धोका जास्त निघाला तर स्कीम बंदच करायची का?

बहुतेक वेळा नाही. गोड्या पाण्यात मिसळून देता येतं, पीक बदलता येतं, जमिनीखालचं ठिबक करता येतं म्हणजे पाणी वाहून जात नाही, ओढ्यापासून पट्टा मोकळा सोडता येतो, सोडियमसाठी जिप्सम टाकता येतं, नायट्रोजनसाठी प्लॅन्टमध्येच डीनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा वायू करून काढणं) करता येतं, खारट पाणी सोडणाऱ्या एखाद्या कारखान्याची लाइन वेगळी काढता येते आणि हा शेवटचा उपाय बाकी सगळ्यांपेक्षा स्वस्त पडू शकतो. पण उथळ भूजल, भेगाळलेला खडक आणि खाली पिण्याच्या विहिरी, हे तिन्ही एकत्र असतील तर त्या जागेला नाही म्हणा, आणि पाणी कूलिंग टॉवर, बांधकाम, फ्लशिंग अशा वापरांकडे वळवा जिथे ते जमिनीत उतरत नाही.